स्वादुपिंडात ७ सेंमीची म्युसिनस सिस्ट, कॅन्सर मात्र १.२ सेंमी: हा रिपोर्ट कसा वाचायचा?

चौकस

ऑपरेशनआधीच्या तपासण्या आणि नंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट एकमेकांशी भांडताहेत असं वाटतंय. मुद्द्याचं तेवढं उतरवतो.

रुग्ण स्त्री, वय ४९. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटीकडे ७ सेंमीची एकच सिस्ट, आत दोन-तीन पडदे, भिंतीत एका बाजूने कॅल्शियमची रेघ आणि भिंतीला चिकटलेला ९ मिमीचा उंचवटा. एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून सुईने काढलेल्या द्रवात सीईए (काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन) १८४०, अमायलेज (स्वादुरसातलं एन्झाइम) ६२, साखर १० पेक्षा कमी. पेशींच्या तपासणीत 'म्युसिन दिसतं, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' (म्युसिन म्हणजे चिकट, बुळबुळीत स्राव). रक्तातलं सीईए २.८, सीए १९-९ (स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वाढणारा पदार्थ) चोवीस. पेट स्कॅनमध्ये सिस्ट जवळजवळ थंड.

मग शेपटीकडचा भाग प्लीहेसकट काढला. अंतिम रिपोर्ट: म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम, ओव्हेरियन-टाइप स्ट्रोमा आहे, सोबत इन्व्हेसिव्ह कार्सिनोमा (भिंतीत घुसलेला कॅन्सर) १.२ सेंमी, पीटी१सी (टी म्हणजे मूळ गाठीची पायरी), कॅन्सर असलेल्या लसिका ग्रंथी १४ पैकी ०, कडा मोकळ्या (कापलेल्या कडेवर कॅन्सर नाही).

प्रश्न असे:
१. सिस्ट ७ सेंमीची असताना टी१ कसा?
२. 'ओव्हेरियन' हा शब्द का? अंडाशयातून इथे पसरलंय का?
३. सुईच्या तपासणीत आणि पेटमध्ये कॅन्सर का सापडला नाही? द्रवातलं सीईए १८४० आणि रक्तातलं २.८, यातलं खरं कोणतं?
४. एका जुन्या कागदावर 'म्युसिनस सिस्टॅडिनोकार्सिनोमा' लिहिलंय. आजार तोच का?

काचपट्टी

चौथ्यापासून सुरू करतो, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. आजार तोच. १९७८ मध्ये कॉम्पॅग्नो आणि ओर्टेल यांनी स्वादुपिंडातल्या पाणीदार, निरुपद्रवी सिरस सिस्ट आणि चिकट द्रवाच्या म्युसिनस सिस्ट वेगळ्या काढल्या. दुसऱ्या गटातली प्रत्येक गाठ आज ना उद्या कॅन्सर होऊ शकते असं समजून वागा, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून बरीच वर्षं साध्या गाठीला सिस्टॅडिनोमा आणि कॅन्सर झालेल्या गाठीला सिस्टॅडिनोकार्सिनोमा म्हणत. आता सगळ्यांना म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम हे एकच नाव देतात आणि पुढे पायरी लिहितात: लो-ग्रेड डिसप्लेझिया (पेशींतला सौम्य बिघाड), हाय-ग्रेड डिसप्लेझिया (जास्त बिघाड), किंवा सोबत इन्व्हेसिव्ह कार्सिनोमा. पूर्वी मध्ये एक 'इंटरमीडिएट' पायरी होती, ती आता लो-ग्रेडमध्ये धरली जाते. जुन्या-नव्या रिपोर्टांची तुलना करताना हे माहीत नसेल तर आजार एका पायरीने बरा झाल्याचा भास होतो.

आता टी१. सिस्ट म्हणजे पिशवी. भिंतीला आतून उंच, म्युसिन बनवणाऱ्या पेशींचा एक थर असतो आणि त्याखाली पेशींनी गच्च भरलेला आधाराचा थर, म्हणजे स्ट्रोमा. आतल्या पेशी बिघडत जातात, पण तळाची सीमा ओलांडत नाहीत तोवर तो डिसप्लेझिया. हाय-ग्रेड असला तरी त्या पेशींना रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांकडे वाट मिळालेली नसते. सीमा ओलांडून पेशी भिंतीत घुसल्या की इन्व्हेसिव्ह. गाठ, ग्रंथी आणि दूरचा पसार यांवरून पायरी ठरवणाऱ्या सध्याच्या टीएनएम पद्धतीत, म्हणजे एजेसीसी या अमेरिकन कॅन्सर समितीच्या ८व्या आवृत्तीत, मोजायचा असतो तो फक्त हा घुसलेला भाग. ०.५ सेंमीपर्यंत टी१ए, त्यावर १ सेंमीच्या आत टी१बी, १ ते २ सेंमी टी१सी, २ च्या वर ४ पर्यंत टी२, त्याहून मोठा टी३. मोठ्या धमन्यांना विळखा असेल तर टी४, मग आकार काहीही असो. ७ सेंमी पिशवी पूर्ण धरून कुणी टी३ लिहिला असता तर ती चूक ठरली असती, आणि अशी चूक होते.

मात्र १.२ हा आकडा कसा आला ते विचारायला हवं. सिस्टमधला कॅन्सर सलग नसतो. भिंतीचा एक तुकडा शांत, शेजारचा हाय-ग्रेड, आणि दोन बोटं पलीकडे घुसखोरी असं चित्र नेहमीचं. म्हणून पूर्ण सिस्ट तुकडे करून मेणाच्या ब्लॉकमध्ये घालावी अशी शिफारस आहे. फारच मोठी असेल तर निदान सगळे उंचवटे, जाड भाग, पडदे आणि खरबरीत जागा पूर्ण घ्याव्यात. रिपोर्टच्या 'ग्रॉस' (नुसत्या डोळ्यांना दिसलेल्याचं वर्णन) परिच्छेदात शेवटी ब्लॉकची यादी असते. तिथे 'सिस्ट पूर्णपणे घेतली' असं लिहिलंय की 'प्रातिनिधिक तुकडे', ते पाहा. ७ सेंमीच्या सिस्टचे पाच-सहाच ब्लॉक असतील, तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून उरलेला नमुना तपासायला सांगणं अगदी रास्त आहे. फॉर्मलिनमधला उरलेला भाग प्रयोगशाळा कायम ठेवत नाही, काही आठवड्यांनी टाकून देते, त्यामुळे हे लगेच करायचं काम. मेणाचे ब्लॉक मात्र वर्षानुवर्षं राहतात.

आणखी एक ओळ शोधा: घुसखोरी पिशवीच्या भिंतीत आणि पडद्यातच थांबलीये, की भिंत ओलांडून शेजारच्या स्वादुपिंडात किंवा चरबीत गेलीये? टीच्या आकड्यात हा फरक दिसत नाही, पण पुढच्या वाटचालीत दिसतो. भिंतीतच थांबलेल्या कॅन्सरचं पुढचं चित्र बरंच चांगलं असतं.

'ओव्हेरियन-टाइप' म्हणजे अंडाशयातून आलेलं नाही. भिंतीतला तो पेशींचा दाट थर सूक्ष्मदर्शकाखाली अंडाशयाच्या ऊतीसारखा दिसतो, आणि त्याच्यावर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर आणि इनहिबिन (अंडाशयात बनणारं प्रथिन) सापडतात. हा स्ट्रोमा असल्याशिवाय म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम म्हणायचंच नाही असा आजचा नियम आहे. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत डावी जननग्रंथी आणि स्वादुपिंडाच्या शेपटीचा अंकुर जवळजवळ असतात, तिथून काही पेशी मागे राहत असाव्यात असा तर्क आहे. आजार जवळपास फक्त स्त्रियांत आणि बहुतेक स्वादुपिंडाच्या मधल्या भागात किंवा शेपटीकडेच का दिसतो, याचा मेळ त्याने बसतो. त्यामुळे ही ओळ वाचून घाबरू नका, उलट निदान पक्कं करणारी ती ओळ आहे. ती नसती आणि सिस्ट मुख्य नलिकेशी जोडलेली असती, तर विषय दुसरा झाला असता: आयपीएमएन, म्हणजे नलिकेच्या आत वाढणारी म्युसिनची गाठ, ज्यात उरलेल्या स्वादुपिंडावर कायम लक्ष ठेवावं लागतं.

छायाप्रकाश

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एकाच नावाच्या दोन तपासण्यांमुळे.

रक्तातलं सीईए आणि सिस्टच्या द्रवातलं सीईए यांची तुलना करायचीच नाही. रक्तात साधारण ५ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या आत नॉर्मल समजतात, धूम्रपान करणाऱ्यांत थोडं जास्त. द्रवात १९२ च्या वर गेलं तर सिस्ट म्युसिनस असण्याची शक्यता जास्त. हा १९२ आकडा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अमेरिकन अभ्यासातला आहे आणि तिथेही त्याची अचूकता ७९ टक्केच होती. म्हणजे १५० आलं म्हणून म्युसिनस नाही असं होत नाही. दुसरं, द्रवातलं सीईए 'म्युसिनस आहे का' एवढंच सांगतं, 'कॅन्सर आहे का' हे सांगत नाही. शांत लो-ग्रेड सिस्टमध्ये ते हजारांत असू शकतं आणि कॅन्सर झालेल्या सिस्टमध्ये काहीशेच. १८४० पाहून धास्तावण्याचं कारण नव्हतं, आणि रक्तातलं २.८ पाहून निर्धास्त होण्याचंही नव्हतं. सिस्टचा द्रव पिशवीत कोंडलेला असतो, रक्तात उतरत नाही.

बाकीचे दोन आकडे छान जुळतात. अमायलेज २५० च्या खाली असलं की स्यूडोसिस्ट, म्हणजे स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर साचलेला द्रव, जवळपास बाद होतो. साखर ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असणं म्युसिनसच्या बाजूने जातं. ही तपासणी स्वस्त, चटकन होणारी आणि थेंबभर द्रवावर होते. फक्त संसर्ग झालेल्या सिस्टमध्ये आणि काही स्यूडोसिस्टमध्येही साखर खाली येते, तेव्हा एकट्या साखरेवर निर्णय नको.

द्रव कमी मिळाला तर तो कुणाला द्यायचा हे आधी ठरलेलं असावं. गोलाकार सिस्टचा व्यास १ सेंमी असेल तर आत जेमतेम ०.५ मिली असतं, २ सेंमीला ४ मिली, ४ सेंमीला ३३ मिलीच्या आसपास. छोट्या सिस्टमध्ये सीईए, साखर, पेशी, जनुकं असं सगळं होणार नाही. शिवाय घट्ट म्युसिन बारीक सुईतून वर येत नाही, आणि आलं तरी प्रयोगशाळेच्या यंत्रातली नळी ते नीट ओढत नाही. मग सलाईन घालून पातळ केलं जातं, किती पट ते लिहायचं राहतं, आणि सीईए खोटं खाली येतं. द्रव हाती आल्याबरोबर एक थेंब दोन बोटांमध्ये धरून ताणून बघायचा, अर्थात हातमोजे घालून: १ सेंमी किंवा जास्त लांब तार निघाली आणि ती किमान १ सेकंद टिकली, तर म्युसिन आहे. फुकटची तपासणी, पण रिपोर्टात क्वचितच लिहिलेली दिसते.

पेशींची तपासणी का चुकली? पहिलं कारण काचपट्टींनी सांगितलंच: कॅन्सर ठिकठिकाणी असतो आणि सुईने ओढला जातो तो मधला द्रव. त्यात तरंगणाऱ्या पेशी तुरळक, आणि ज्या असतात त्या बहुधा भिंतीच्या शांत भागातून गळालेल्या. म्हणून उंचवटा दिसत असेल तर सुई तिथेच घालायची असते, किंवा १९ नंबरच्या जाड सुईतून बारीक चिमटा आत घालून भिंतीचा तुकडा घेतात. त्यात रक्तस्राव आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका थोडा वाढतो. 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' याचा अर्थ 'कॅन्सर नाही' असा सिस्टच्या बाबतीत घ्यायचाच नसतो. उलट बाजूची चूकही होते. शेपटीकडच्या सिस्टपर्यंत सुई जठराच्या भिंतीतून जाते, डोक्याकडच्या सिस्टला ड्युओडेनममधून, आणि दोन्ही ठिकाणचा स्वतःचा म्युसिन सुईत येतो. तो पातळ थरासारखा पसरलेला असतो; सिस्टचा म्युसिन दाट, काचभर माखलेला. सुई कुठून गेली हे पॅथॉलॉजिस्टला सांगितलं नाही तर 'म्युसिन दिसतं' या शब्दांची किंमत निम्मी होते.

९ मिमीचा 'उंचवटा' खरंच उंचवटा होता का, की चिकटून बसलेला म्युसिनचा गोळा? सोनोग्राफीत म्युसिनच्या गोळ्याला बाहेरून पांढरी, गुळगुळीत कड आणि आत काळपट भाग दिसतो. रुग्णाला कुशीवर वळवलं किंवा सुईने हलवलं की तो सरकतो. खरा उंचवटा जागचा हलत नाही आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर त्यात रक्तप्रवाह दिसतो. तुमच्या केसमध्ये आकार, पडदे, उंचवटा आणि कडेचं कॅल्शियम हे चारही मिळून ऑपरेशनकडे बोट दाखवत होते; पेशींचा रिपोर्ट काहीही येवो, निर्णय तोच राहिला असता. २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार ४ सेंमी किंवा मोठी, त्रास देणारी, किंवा उंचवटा असलेली म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम काढायची. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय फुकुओका सूचना आणखी कडक: ऑपरेशन झेपत असेल तर सगळ्याच काढा.

पेट थंड असण्याचं कारण साधं आहे. पेटमध्ये दिलेली साखर पेशी खातात, म्युसिन खात नाही. ७ सेंमीच्या गाठीत जिवंत पेशींचा थर अगदी पातळ असेल तर उजेड दिसणार नाही. एमआरआयमधल्या डिफ्यूजनच्या चित्रांनाही हीच मर्यादा आहे. संसर्ग झालेली निरुपद्रवी सिस्ट मात्र झगझगीत दिसते. म्युसिन बनवणाऱ्या कुठल्याही कॅन्सरमध्ये थंड पेटला फार महत्त्व देऊ नये.

चौकस

खूप उलगडलं. ग्रॉस परिच्छेद परत वाचला. ब्लॉक २८, 'सिस्ट पूर्णपणे घेतली' असं आहे. पण त्यातच 'नमुना आधीच उघडलेला मिळाला, म्युसिन बाहेर' असंही लिहिलंय. हे धोक्याचं का? आणि ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी नळीतल्या द्रवाचं अमायलेज ९०० आलं होतं, नळी दहाव्या दिवशी काढली. केमो द्यायची की नाही यावर दोन मतं ऐकायला मिळताहेत.

टाका-दोरा

नमुना उघडला कुठे, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. तीन शक्यता आहेत. पोटात सिस्ट फुटली, तर पेशी पोटात सांडण्याचा प्रश्न. पिशवीत घालून बाहेर काढताना फुटली, तर पिशवी फाटली का हे महत्त्वाचं. आणि बाहेर टेबलावर सर्जनने कापून बघितली, तर रुग्णाला काहीच फरक पडत नाही. फक्त पॅथॉलॉजिस्टची कड रंगवण्याची पंचाईत होते. याचं उत्तर पॅथॉलॉजी रिपोर्टात नसतं, ऑपरेशन नोटमध्ये असतं. 'सिस्ट अखंड काढली', 'म्युसिन सांडला नाही', 'एंडोबॅगमधून काढली' अशी वाक्यं शोधा. नोटमध्ये काहीच नसेल तर सर्जनला सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या, कारण पुढे पोटात म्युसिन दिसला तर पहिला प्रश्न हाच येणार. मोठी सिस्ट दुर्बिणीने काढताना पकडायला सोपी जावी म्हणून आधी द्रव ओढून तिला लहान करायचा मोह होतो. कॅन्सरची शंका असेल तर तो टाळायचाच.

नळीचं अमायलेज: तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ते रक्तातल्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर कापलेल्या टोकातून स्वादुरस गळतोय. २०१६ च्या व्याख्येनुसार, नुसता आकडा जास्त असून उपचार बदलावा लागला नाही तर त्याला आता फिस्टुला (गळतीची वाट) म्हणतही नाहीत, 'बायोकेमिकल लीक' म्हणतात. नळी तीन आठवड्यांहून जास्त ठेवावी लागली, किंवा बाहेरून दुसरी नळी घालावी लागली, तर ग्रेड बी. तुमचं दहाव्या दिवशी मिटलं. शेपटीकडच्या ऑपरेशनात ही सगळ्यात नेहमीची अडचण.

पुढच्या सीटीमध्ये कापलेल्या टोकाशी द्रवाचं छोटं तळं दिसलं तर लगेच 'सिस्ट परत आली' असं समजू नका. हे पुष्कळदा दिसतं आणि बहुतेक वेळा आपोआप आटतं. प्लीहा काढलेल्या जागी एखादी छोटी उपप्लीहा वाढूनही गाठीसारखी दिसते.

प्लीहेबद्दल. कॅन्सरची शंका असताना ती सोबत काढतात कारण तिच्या तोंडाशी आणि धमनीलगतच्या ग्रंथी पूर्ण निघायला हव्यात. १४ ग्रंथी म्हणजे नीट काढलंय. किमान १२ तपासायला मिळाव्यात अशी अपेक्षा असते. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस बी या लसी ऑपरेशनच्या किमान २ आठवडे आधी द्यायच्या, राहिल्या असतील तर ऑपरेशननंतर २ आठवड्यांनी. केमो सुरू होण्याआधी हे उरकलेलं बरं, लस नीट लागू पडते. डिस्चार्ज कार्डावर नोंद नसेल तर लस दिलेली नाही असं धरूनच चाला. यापुढे थंडी वाजून ताप आला तर 'उद्या बघू' चालत नाही; त्याच तासात अँटिबायोटिक आणि हॉस्पिटल. प्लीहा नसलेल्या माणसात न्यूमोकोकसचा संसर्ग काही तासांत गंभीर होतो.

मात्रा

केमोवर दोन मतं असणं स्वाभाविक आहे. या आजारावर स्वतंत्र मोठी चाचणी झालेली नाही. रुग्णच इतके थोडे की ती होणंही अवघड. जे काही आहे ते स्वादुपिंडाच्या नेहमीच्या डक्टल (नलिकेच्या) कॅन्सरवरून उचललेलं. त्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर सहा महिने केमो हा नियम आहे: तब्येत धडधाकट असेल तर बदललेलं फॉल्फिरिनॉक्स (चार औषधांचं मिश्रण), दर १४ दिवसांनी एक अशी १२ आवर्तनं, प्रत्येकात ४६ तासांचा फ्लुओरोयुरॅसिलचा पंप, नसेल तर जेमसिटाबिन आणि कॅपेसिटाबिन. साधारण १२ आठवड्यांच्या आत सुरू करतात, पण घाई करून अर्धवट बऱ्या झालेल्या रुग्णाला द्यायची नसते. सगळी आवर्तनं पूर्ण होणं जास्त मोलाचं.

माझं मत विचाराल तर असं: ग्रंथीत कॅन्सर असेल, भिंत ओलांडली असेल, कडा मोकळ्या नसतील किंवा पोटात सांडलं असेल, तर द्यावीच. टी१, ग्रंथी शून्य, सगळा नमुना तपासलेला, घुसखोरी भिंतीच्या आतच, असं सगळं असेल तर फक्त लक्ष ठेवणं हाही प्रामाणिक पर्याय आहे. तुमचा निर्णय म्हणून दोन वाक्यांवर अडलाय: सिस्ट कुठे उघडली, आणि घुसखोरी भिंतीबाहेर आहे का. ती दोन उत्तरं घेऊन गेलात तर दोन मतांचं बहुधा एक होईल. घुसखोर भागाचा प्रकारही बघा. नेहमीचा ट्युब्युलर (नळ्यांसारख्या रचनेचा) असेल तर वरचं लागू. क्वचित त्यात अनडिफरन्शिएटेड (मूळ पेशींची ओळख हरवलेला) किंवा सार्कोमॅटॉइड (सार्कोमासारखा दिसणारा) भाग निघतो. तो असेल तर आकार लहान असूनही वाट बघत बसणार नाही.

द्यायची ठरली तर फ्लुओरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिनच्या आधी डीपीवायडी जनुकाची तपासणी करून घ्या. हे औषध मोडणारं एन्झाइम काही जणांत जन्मतः कमी असतं आणि नेहमीचा डोस त्यांना जीवघेणा ठरू शकतो. बीआरसीए आणि इतर आनुवंशिक जनुकांची तपासणी स्वादुपिंडाच्या प्रत्येक इन्व्हेसिव्ह कॅन्सरला सुचवतात, इथेही करावी.

फेऱ्या: पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी सीटी आणि सीए १९-९, मग ६ ते १२ महिन्यांनी. सीए १९-९ ऑपरेशनआधी २४ म्हणजे नॉर्मलच होतं, त्यामुळे पुढेही ते नॉर्मल आहे एवढ्यावर विसंबून राहता येणार नाही. काही लोकांच्या, साधारण ५ ते १० टक्क्यांच्या, शरीरात हा पदार्थ बनतच नाही. कावीळ झाली की उलट तो उगाच वाढतो. याच रिपोर्टात कॅन्सर नसता, नुसता डिसप्लेझिया असता आणि सिस्ट पूर्ण निघाली असती, तर आंतरराष्ट्रीय सूचनांप्रमाणे पुढे स्कॅनची गरजच नव्हती. तिथे उगाच वर्षानुवर्षं सीटी काढणारेही दिसतात.

शेपटी गेली की इन्सुलिन बनवणाऱ्या बऱ्याच पेशी जातात. एचबीए१सी तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं आणि वजन उतरतंय असं असेल तर विष्ठेतलं इलास्टेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) तपासा. २०० च्या खाली आलं तर एन्झाइमच्या कॅप्सूल, मुख्य जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं. पहिल्या घासासोबत घ्यायच्या, आणि दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्यावर. जेवण संपल्यावर घेतल्या की फायदा होत नाही, आणि मग 'औषध लागू पडत नाही' असा शेरा मिळतो.

अर्धविराम

थोडं बाजूचं विचारतो. अंडाशयाच्या रिपोर्टात हेच 'म्युसिनस सिस्टॅडिनोकार्सिनोमा' हे शब्द आहेत. वरचं सगळं तिथेही लागू होतं का?

काचपट्टी

नाही. नाव सारखं असलं तरी अवयव बदलला की आजार वेगळा, आणि अंडाशयात तर पहिला प्रश्नच वेगळा: ही गाठ मुळात अंडाशयाची आहे का? अंडाशयात सापडणाऱ्या म्युसिनस कॅन्सरांपैकी बरेचसे अपेंडिक्स, मोठं आतडं, जठर किंवा स्वादुपिंडातून आलेले असतात. ढोबळ नियम असा: एकाच बाजूला आणि १० सेंमीहून मोठी असेल तर बहुधा मूळची अंडाशयातली, दोन्ही बाजूंना किंवा लहान असेल तर बहुधा बाहेरून आलेली. आतड्याचे आणि अपेंडिक्सचे पसरलेले कॅन्सर हा नियम बऱ्याचदा मोडतात, कारण ते अंडाशयात जाऊन अवाढव्य वाढतात. म्हणून रंगांच्या तपासण्या, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून पाहणं: सीके७ निगेटिव्ह, सीके२० आणि एसएटीबी२ पॉझिटिव्ह असेल तर खालच्या आतड्याकडे किंवा अपेंडिक्सकडे बघा. सीके७ पॉझिटिव्ह असेल तर अंडाशय असू शकतं, पण स्वादुपिंड आणि जठरही सीके७ पॉझिटिव्हच, त्यामुळे एवढ्याने सुटका नाही. रिपोर्टात एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी आणि पोटाचा स्कॅन यांचा उल्लेख नसेल तर निदान अर्धं आहे असं समजा.

मूळची अंडाशयातलीच असेल तर दोन गोष्टी बघायच्या. घुसखोरी 'एक्स्पान्सिल' (ढकलत वाढणारी) आहे की 'इन्फिल्ट्रेटिव्ह' (विखुरून घुसणारी). पहिली बरीच सौम्य, दुसरीत ग्रंथी आणि पोटात पसरण्याची शक्यता जास्त. आणि गाठ अखंड निघाली की फुटली: अखंड आणि एकाच अंडाशयात म्हणजे स्टेज १ए, ऑपरेशनमध्ये फुटली की १सी१. वर स्वादुपिंडाच्या टीच्या आकड्यात फुटण्याला जागा नव्हती, इथे थेट स्टेज बदलते. अंडाशयाच्या इतर कॅन्सरना लागू पडणारी प्लॅटिनमची औषधं इथे कमी चालतात, हेही ऑन्कॉलॉजिस्टशी बोलताना लक्षात असू द्या.

पोटभर जेलीसारखा म्युसिन साचला असेल, म्हणजे स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय, तर मूळ जवळपास नेहमी अपेंडिक्समध्ये असतं, अंडाशयात गाठ दिसत असली तरी. तिथे 'म्युसिनमध्ये पेशी आहेत की नुसता म्युसिन' आणि 'लो-ग्रेड, हाय-ग्रेड की सिग्नेट रिंग' हे शब्द ठरवतात. उपचार म्हणजे दिसेल तो सगळा म्युसिन आणि त्याने माखलेलं पोटाचं अस्तर खरवडून काढणं आणि त्याच ऑपरेशनमध्ये पोटात गरम केमो फिरवणं. उरलेले कण २.५ मिमीपेक्षा लहान असतील तरच ती केमो त्यांच्यापर्यंत पोचते, म्हणून ऑपरेशन नोटमध्ये 'सीसी-०' (डोळ्यांना दिसेल असं काही उरलं नाही) किंवा 'सीसी-१' (२.५ मिमीपेक्षा लहान कण उरले) लिहिलंय का ते बघा. हे काम नेहमी करणाऱ्या केंद्रातच करावं. दुसरीकडे आधी अर्धवट पोट उघडलं गेलं की चिकटलेल्या जागांत म्युसिन अडकतो आणि पुढचं ऑपरेशन फार कठीण होतं.

स्तनातही हे नाव आहे. १९९८ मध्ये पहिल्यांदा नोंदलेला, अतिशय दुर्मीळ. बहुतेक वेळा ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर२ नसलेला) निघतो, पण त्या गटाच्या मानाने वागतो सौम्य. तिथेही निदान लिहिण्याआधी अंडाशय आणि स्वादुपिंड तपासून बाजूला करावे लागतात. फुप्फुसात मात्र हे नाव आता वापरत नाहीत, तो कोलॉइड अॅडिनोकार्सिनोमामध्ये धरतात.

दोघांनाही: इतक्या दुर्मीळ निदानाला दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टची नजर घ्याच. नुसता रिपोर्ट पाठवून काही होत नाही. सगळ्या रंगवलेल्या स्लाइड्स, घुसखोरी असलेला एक मेणाचा ब्लॉक किंवा त्याच्या १० ते १५ न रंगवलेल्या काचा, ग्रॉसचं वर्णन ब्लॉकच्या यादीसकट, ऑपरेशन नोट आणि स्कॅनची सीडी एवढं एकत्र द्या. कुठल्या ब्लॉकमध्ये १.२ सेंमीचा भाग मोजला त्याचा नंबर आधीच्या पॅथॉलॉजिस्टकडून पाकिटावर लिहून घ्या, नाहीतर २८ ब्लॉकांतून तो शोधण्यात आठवडा जातो.

चौकस

ऑपरेशन नोट मिळाली. 'एंडोबॅगमधून अखंड बाहेर, टेबलावर उघडून पाहिली' असं लिहिलंय. भिंतीबाहेर घुसखोरी आहे का हे रिपोर्टात नाही, पॅथॉलॉजिस्टकडे पुरवणी रिपोर्ट मागितलाय. लसींची नोंद कार्डावर नव्हती, त्याही आता घेतो.